हरिदासाची कथा आणि भिजत घोंगडे : ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ची तीन दशके

दीर्घकाळ चाललेल्या गुप्तहेरमालिकेच्या प्रेक्षकांत दोन पंथ हमखास आढळतात. पहिल्या पंथाला दर आठवड्याला एक नवे प्रेत, तीन-चार संशयित, आतून बंद असलेली एखादी खोली आणि अर्ध्या तासात उकल एवढे मिळाले की पुरते. दुसरा पंथ या सगळ्याकडे वाटेतला अडथळा म्हणून पाहतो. मागे कुठेतरी संथपणे सरकणारी ‘मुख्य कथा’ हेच त्याच्या लेखी खरे, आणि तिला पुढे न नेणारा प्रत्येक भाग म्हणजे निव्वळ भरताड. ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ या जपानी अ‍ॅनिमेच्या रसिकांत हा वाद कित्येक वर्षे झडतो आहे. सुटे भाग वगळून केवळ मुख्य कथेचे भाग कोणत्या क्रमाने पाहावेत याच्या याद्या हौशी लोकांनी केल्या आहेत, आणि त्या याद्यांवरूनही पुन्हा भांडणे आहेतच.

आम्हांस या वादात फारसे स्वारस्य नव्हते. परंतु मालिकेचा इतिहास तपासू लागल्यावर असे दिसले, की ‘सुटी कथा’ आणि ‘मुख्य कथा’ अशी सरळ वाटणी तेथे कधी नव्हतीच. (पुढे काही रहस्ये उघड होणार आहेत. ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी लेख बाजूला ठेवावा. मालिका संपल्यावर वाचू, असे मात्र म्हणू नये. त्याचा भरवसा देणे आमच्या हाती नाही.)

ज्यांचा या मालिकेशी परिचय नाही त्यांच्यासाठी कथाबीज थोडक्यात असे. शिनिची कुदो हा सतरा वर्षांचा, शेरलॉक होम्सचा निस्सीम भक्त असलेला शाळकरी गुप्तहेर. एका मनोरंजन उद्यानात काळ्या वेषातील दोघा इसमांचा संशयास्पद व्यवहार पाहताना तो पकडला जातो. ते त्याला विष पाजतात. विषाने तो मरत नाही. त्याचे शरीर सहा-सात वर्षांच्या मुलाएवढे होते. आपण जिवंत असल्याचे त्या संघटनेस कळू नये म्हणून तो आर्थर कॉनन डॉयल आणि एदोगावा राम्पो या दोन लेखकांच्या नावांतून स्वतःचे ‘एदोगावा कॉनन’ हे नवे नाव बनवतो, आणि बालमैत्रीण रान हिच्या घरी राहू लागतो. रानचे वडील कोगोरो मोरी हे बेताच्या बुद्धीचे खाजगी गुप्तहेर. कॉनन घड्याळातील सुईने त्यांना झोपवतो, बो-टायमध्ये दडवलेल्या यंत्राने त्यांचा आवाज काढतो आणि रहस्य उलगडतो. श्रेय मोरींना. शिनिची परत कधी येणार, हे रान विचारत राहते, आणि दिवसा तो तिच्याच घरात पहिलीचे दप्तर घेऊन वावरत असतो.

म्हणजे पहिल्याच प्रकरणात दोन यंत्रे एकदम सुरू झाली. एक, आठवड्याचा गुन्हा. दुसरे, संघटनेचा शोध आणि मूळ देहाची प्राप्ती. पहिले यंत्र दर वेळी हरिदासाच्या कथेप्रमाणे मूळपदावर येते. दुसरे म्हणजे आपल्याकडे ज्याला भिजत घोंगडे म्हणतात ते.

यांतील पहिल्या यंत्राचा जन्म ठाऊक आहे. १८९१ च्या जुलैपासून ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या. डॉयलने पुढे आत्मचरित्रात आपला हिशेब सांगितला आहे. मासिकातील क्रमशः कादंबरीचा एखादा अंक हुकला की वाचक तुटतो. त्याऐवजी नायक कायम ठेवून प्रत्येक अंकात कथा पूर्ण केली, तर अंक हुकूनही वाचक टिकतो. हा शुद्ध व्यवहार होता, आणि त्यातून एक वाङ्मयप्रकार उभा राहिला. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की होम्सचा महाशत्रू मॉरिआर्टी या व्यवस्थेत मुळात नव्हताच. डिसेंबर १८९३ मध्ये डॉयलला होम्स संपवायचा होता, म्हणून त्याने मॉरिआर्टी निर्माण केला. थोरला खलनायक आला तो मालिका थांबवण्यासाठी. (ती थांबली नाही आणि १९०३ साली होम्स परत आला, हा भाग निराळा.)

जपानमध्ये राम्पोने १९२३ साली पहिली रहस्यकथा प्रसिद्ध केली. १९३६ पासून त्याने मुलांसाठी ‘वीस चेहऱ्यांचा राक्षस’ आणि त्याच्याशी झुंजणारे बालगुप्तहेरांचे पथक यांच्या कथा लिहिल्या. तेथे खलनायक प्रत्येक पुस्तकात तोच. तो पकडला जातो, निसटतो, नवे सोंग घेऊन पुन्हा येतो. शत्रू कायम, पण वैर साठत नाही. कॉननच्या वर्गातील मुलांचे पथक नावासकट राम्पोकडून आले आहे, आणि त्याबरोबर राम्पोची न वाढणारी मुलेही आली.

याला जवळची पार्श्वभूमी १९९२ ची आहे. त्या वर्षी कोदान्शाच्या ‘शोनेन मॅगझिन’मध्ये ‘किन्दाइची शोनेन नो जिकेन्बो’ सुरू झाले. सेइशी योकोमिझोच्या १९४६ साली अवतरलेल्या किन्दाइची कोसुके या गुप्तहेराचा नातू हाजिमे हा त्याचा नायक. एकेक प्रकरण अनेक आठवडे चाले. एकाकी बेट, जुना शाप, एकामागून एक खून आणि शेवटी खुन्याची करुण कहाणी. ही कथामाला गाजत असतानाच जानेवारी १९९४ मध्ये शोगाकुकानच्या ‘शोनेन संडे’त गोशो आओयामा यांनी कॉनन सुरू केला. त्याची प्रकरणे आटोपशीर असत, पण हाजिमेपाशी नसलेली एक गोष्ट कॉननपाशी होती : स्वतःची अपुरी कहाणी. आमच्या मते आओयामांनी येथे डॉयलला उलटे केले. डॉयलचा महाशत्रू शेवट करण्यासाठी आला होता. आओयामांचा महाशत्रू पहिल्याच दिवशी आला, आणि तो आहे तोवर शेवट करण्याचे कारण उरले नाही.

८ जानेवारी १९९६ रोजी ओसाकाच्या योमिउरी दूरचित्रवाणीने अ‍ॅनिमे सुरू केले. येथून पुढचा एक प्रसंग आम्हांस या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटतो, म्हणून त्याकडे जरा सावकाश पाहू.

चित्रकथेच्या दुसऱ्याच खंडात एका तरुणीची हकिगत आहे. हरवलेल्या वडिलांचा शोध घ्या, असे सांगत ती मोरींकडे येते. उलगडा असा होतो, की एक अब्ज येनच्या दरोड्यात तिचा हात होता, तिचे सांगितलेले नाव खोटे होते, आणि संघटनेच्या तावडीतून धाकट्या बहिणीस सोडवण्यासाठी ती हे करत होती. संघटना तिला गोळी घालते. कॉनन पोहोचतो तोवर उशीर झालेला असतो. दूरचित्रवाणीने ही कथा १९९६ साली तेराव्या भागात घेतली. मात्र त्यातून संघटनेचा धागाच काढून टाकला. दर आठवड्याला नवा प्रेक्षक धरायचा असताना, दहा-बारा भागांपूर्वी दिसलेल्या काळ्या माणसांची आठवण त्याच्याकडून कशाला अपेक्षावी, असा विचार त्यामागे असावा. कथा सुटी झाली आणि संपली.

चित्रकथेत मात्र अठराव्या खंडात कॉननच्या वर्गात एक नवी मुलगी येते, आइ हाइबारा. ही ती धाकटी बहीण. ज्या विषाने शिनिची लहान झाला ते संघटनेसाठी तिनेच तयार केले, बहिणीच्या हत्येनंतर संघटनेशी असहकार केला आणि मरण्यासाठी तेच विष घेतले; तीही मेली नाही, लहान झाली. पहिल्याच प्रकरणाच्या अखेरीस ती कॉननला रडत विचारते, की तुझ्याइतकी बुद्धी असलेल्या माणसाला माझ्या बहिणीला वाचवणे का जमले नाही?

आता दूरचित्रवाणीची पंचाईत पाहा. हा प्रश्न तेथे विचारता येण्याजोगाच नव्हता, कारण ज्या मृत्यूबद्दल तो विचारायचा तो मृत्यू त्या रूपात पडद्यावर घडलाच नव्हता. तेव्हा निर्मात्यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये १२८ वा भाग काढला आणि तीच दरोड्याची कथा संघटनेसह पुन्हा सांगितली. त्यानंतरच, जानेवारी १९९९ मध्ये, दोन तासांच्या विशेष भागात हाइबारा अवतरली. एका पात्राला शोक करता यावा म्हणून मालिकेने आपला भूतकाळ दुरुस्त करून घेतला!

सुट्या रहस्यकथेचा एक अलिखित करार असतो. प्रेत हे कोड्याचे निमित्त. कोडे सुटले की प्रेताचे देणे फिटले. पुढच्या आठवड्यात त्याची आठवण कोणी काढायची नाही. गुप्तहेर शोकाकुल नातेवाइकांच्या मागील दाराने निघून जातो. हाइबाराने हा करार मोडला. एका निकालात निघालेल्या प्रकरणातील मृत स्त्रीची बहीण सोळा खंडांनंतर जाब विचारायला आली. कॉननची ‘मुख्य कथा’ तिच्या उत्कृष्ट क्षणी हेच करते. संघटनेची कारस्थाने, सांकेतिक नावे, दूरवरून नेम धरणारे बंदूकधारी हा सारा पसारा दुय्यम आहे. सुट्या प्रकरणांनी बुजवलेला हिशेब ती पुन्हा उघडते, एवढ्यात तिचे बळ आहे.

आणि जेव्हा ती हे करत नाही तेव्हा ती स्वतःही हरिदासाचीच कथा होते. दहाव्या खंडात एका चिनी मद्याने कॉनन थोड्या वेळापुरता शिनिची होतो; पुढे हाइबारा उताऱ्याच्या गोळ्या बनवते, त्यांचा प्रभाव काही तास टिकतो आणि तो पुन्हा लहान. संघटनेच्या जवळ जाऊन पोहोचायचे, एक नवे नाव हाती लागायचे आणि माघारी फिरायचे. संघटनेतील एकेक सभासद आतून दुसऱ्या कोणाचा हेर निघतो. एक अमेरिकी एफबीआयचा, एक सीआयएची, एक जपानच्या सुरक्षा पोलिसांचा. या दराने अस्सल गुन्हेगार उरले तरी किती, आणि बैठकीला गणसंख्या कशी भरते, असा प्रश्न आम्हांस अधूनमधून पडतो.

दूरचित्रवाणीच्या बाजूने एक साधी अडचण होती. चित्रकथेचे एक प्रकरण तीन-चार आठवड्यांत तयार होते आणि अ‍ॅनिमे दर आठवड्याला नवा भाग मागते. त्यामुळे चित्रकथेत नसलेल्या शेकडो स्वतंत्र कथा पटकथाकारांनी लिहिल्या. ‘भरताड’ हा शब्द मुख्यतः यांच्याच वाट्याला येतो, आणि त्यांतील कित्येक सुमार आहेत हे आम्ही नाकारत नाही. पण वाहतूक एकतर्फी नव्हती. पोलीस अधिकारी ताकागी अ‍ॅनिमेत निनावी शिपुर्ड्यासारखा वावरत होता. त्याला आवाज देणाऱ्या वातारू ताकागी या नटाने ऐनवेळी स्वतःचेच आडनाव ठोकून दिले, ते टिकले, आणि आओयामांनी ते पात्र चित्रकथेत उचलले. इन्स्पेक्टर शिरातोरी १९९७ च्या पहिल्या चित्रपटासाठी निर्माण झाला आणि तेथून चित्रकथेत शिरला. ताकागी आणि सातो यांचे प्रेमप्रकरण आज या मालिकेचा लाडका उपकथाभाग आहे. त्यातील नायक भरताडाच्या पोटी जन्मला, हे भरताड वगळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

चित्रपटांनी तराजू कसा कलला याची नोंद करून पुढे जाऊ. १९९७ पासून दर वर्षी एक चित्रपट येतो (२०२० चा महासाथीमुळे २०२१ वर गेला). पहिल्या चार चित्रपटांत संघटना कथेच्या मध्यभागी नाही. ती प्रथम २००१ च्या पाचव्या चित्रपटात ठळकपणे आली. पुढे हळूहळू कळून चुकले, की तिकीटबारीवर गर्दी खेचतात ते मुख्य कथेतील चेहरे. हाइबारा आणि संघटना यांच्यावर बेतलेल्या २०२३ च्या चित्रपटाने या मालिकेत प्रथमच एक हजार कोटी येनचा टप्पा ओलांडला. म्हणजे घोंगडे भिजत ठेवण्यात आता केवळ कथेचे हित उरलेले नाही.

या काळात जपान बदलले. आरंभीच्या खंडांत कॉनन रस्त्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यात शिरून, बो-टाय तोंडाशी धरून, शिनिचीच्या आवाजात रानशी बोलतो. पुढे घडीचे मोबाइल आले, मग स्मार्टफोन. शिनिचीला ‘हेइसेइ काळातला होम्स’ म्हणत. ते हेइसेइ पर्व ३० एप्रिल २०१९ रोजी संपले. मोरींचा आवाज अकिरा कामिया यांच्याकडून २००९ साली रिकिया कोयामा यांच्याकडे गेला. कॉनन पहिलीत आहे. १९६९ पासून चालू असलेल्या ‘साझाए-सान’ या घरगुती मालिकेतही कोणी मोठे होत नाही, आणि जपानी रसिक अशा गोठलेल्या काळाला तिचेच नाव देतात. परंतु साझाए-सानच्या कुटुंबात कोणी कोणाची वाट पाहत नाही. येथे रान पाहते आहे. काळ गोठवणे तेथे सुखाचे लक्षण आहे, येथे त्याला क्रौर्याची छटा येते. २०११ साली लंडनच्या प्रकरणात शिनिची तिच्याजवळ प्रेमाची कबुली देतो. तिचे उत्तर पडद्यावर यायला २०१९ चा जानेवारी उजाडावा लागला, क्योतोच्या शालेय सहलीपर्यंत. कथेच्या काळात हे अंतर थोडे आहे. प्रेक्षकाच्या आयुष्यात त्या अवधीत पहिलीतले मूल नववीत जाते.

तरीही दीर्घ रहस्य न्याय्य रीतीने सोडवता येते, हे आओयामांनी एकदा तरी दाखवले. संघटनेच्या प्रमुखाचा उल्लेख वर्षानुवर्षे केवळ ‘ती व्यक्ती’ असा होत असे. डिसेंबर २०१७ मध्ये, १००८ व्या प्रकरणात, नाव उघड झाले : रेन्या कारासुमा. हे नाव नवे नव्हते. तिसाव्या खंडात अनेक गुप्तहेरांना एका पछाडलेल्या वाड्यात बोलावल्याची एक कथा आहे; जानेवारी २००१ मध्ये तिचा विशेष भागही झाला. त्या वाड्याचा अर्ध्या शतकापूर्वी वारलेला कोट्यधीश मालक, एवढीच कारासुमाची तेव्हाची ओळख. पाहणाऱ्यास वाटावे, वातावरणनिर्मितीसाठी घातलेले नाव. त्याच्या वाड्यावर कावळ्याची मुद्रा होती आणि त्याच्या आडनावातही कावळा आहे. पुढे ‘त्या व्यक्ती’ला पाठवलेल्या संदेशाच्या कळांतून कावळ्याच्या एका जुन्या बालगीताची चाल ऐकू आली. अखेर कॉननने एका जुन्या खुनातील मृताने मागे ठेवलेली रोमन अक्षरे फिरवली आणि त्यांतून ते आडनाव निघाले. अनेक चिकित्सक वाचकांनी ते आधीच हेरले होते. काहींना यात आओयामांचा पराभव वाटला. आम्हांस उलट वाटते. वाचकाला ओळखता आले, याचा अर्थ धागेदोरे त्याच्यासमोर ठेवले होते. सुट्या कथेत गुप्तहेर जे पाहतो ते वाचकालाही दाखवावे हा जो नियम असतो, तो सोळा-सतरा वर्षांच्या अंतरावर पाळला गेला. आणि पुरावा लपवायला जागा कोणती निवडली? ज्यांना दुसरा पंथ वगळून पुढे जातो, तशांपैकीच एक प्रकरण.

मार्च २०२१ मध्ये अ‍ॅनिमेचा हजारावा भाग आला. अशा मुहूर्तावर संघटनेचे काही भव्य दाखवतील अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. निर्मात्यांनी निवडली ती १९९६ च्या अकराव्या भागातील ‘मूनलाइट सोनाटा’ खून प्रकरणाची नवी आवृत्ती. एक लहान बेट, जळालेल्या घरात वारलेला पियानोवादक, बारा वर्षांनी सुरू झालेले खून, प्रत्येक खुनाच्या वेळी वाजणारी बीथोव्हेनची रचना. संघटनेचा त्यात मागमूस नाही. कॉनन रहस्य अचूक सोडवतो, आणि खुनी पेटलेल्या इमारतीत पियानोपाशी बसून राहतो. कॉनन त्याला बाहेर काढू शकत नाही. या एका प्रसंगाने कॉननचे वागणे कायमचे बदलले. गुन्हेगाराला तर्काने कोंडीत पकडून मरू देणारा गुप्तहेर खुन्याहून वेगळा नाही, अशा अर्थाचे तो पुढे मित्र हात्तोरीला सुनावतो, आणि त्यानंतर आत्महत्येकडे निघालेल्या आरोपींच्या अंगावर तो धावून जातो. या नायकाची नीती घडली ती एका सुट्या प्रकरणात. यादी करणारे ज्याला बिनदिक्कत ‘वगळण्याजोगे’ असा शेरा देऊ शकतात.

जाता जाता पुन्हा किन्दाइची हाजिमेकडे वळू. त्याच्याही कथांत ताकातो नावाचा एक कायमचा प्रतिस्पर्धी आहे, पण त्याच्यावाचून हाजिमेचे काही अडलेले नव्हते. प्रकरण संपले की तो मोकळा होई. २०१८ साली त्याच्या निर्मात्यांनी त्याला थेट सदतीस वर्षांचा करून नवी मालिका काढली. त्यात तो एका लहानशा जनसंपर्क कंपनीत नोकरी करतो आणि रहस्ये सोडवण्याचा त्याला मनस्वी कंटाळा आहे. खून मात्र त्याची पाठ सोडत नाहीत. कॉननबाबत हा प्रयोग करता येणार नाही. सदतिसाव्या वर्षी तो कोण असेल, शिनिची की कॉनन, हे ठरवल्याखेरीज पहिली चौकटसुद्धा काढता यायची नाही. अमेरिकेत २००४ साली ही मालिका ज्या नावाने दाखवण्यात आली ते नाव होते ‘केस क्लोज्ड’. पन्नास भागांनंतर तेथील वाहिनीने पुढचे भाग घेतले नाहीत, आणि रानचा फोन अजून वाजायचाच होता.